मे महिन्यातलं गणित

मे महिन्यात गणिताचं नाव काढणं आपल्याकडे श्राद्धाच्या पंगतीत लग्नाची बोलणी काढण्याइतकं अवेळचं समजलं जातं. शेवटचा पेपर टाकून घरी आलं की कंपासपेटी माळ्यावर जाते आणि आंब्याची पेटी खाली येते, असा हा सृष्टिक्रम. आमच्या आजोळी उन्हाळ्यात एकच उदाहरण सोडवलं जाई : पिकलेले हापूस भागिले नातवंडं. छेद तोच असे, पण अंश रात्रीतून घटलेला आढळे, आणि सकाळी धाकटा मामा नाश्ता नको म्हणे. त्यामुळे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली माझी भाची जेवताना म्हणाली, "मी सुट्टीत चार आठवडे गणित करायला जाणार आहे," तेव्हा आमटीची पळी क्षणभर हवेतच राहिली. आईने नातीला अत्यंत मायेने विचारलं, "केटी लागली का गं?" शिक्षा झाल्याशिवाय कुणी उन्हाळ्यात गणित करत असेल, ही शक्यता आमच्या घराण्याच्या अनुभवाबाहेरची होती.

ती जाणार होती त्या शिबिराचं नाव एमटीटीएस. प्रा. एस. कुमारेसन यांनी ते १९९३ साली सुरू केलं, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने त्याला आर्थिक आधार दिला, आणि तेव्हापासून देशातल्या निरनिराळ्या गावी, पंखेही घामाघूम होतात अशा दिवसांत, पदवीची मुलं फळ्यासमोर जमत आली आहेत. अशी आणखीही दारं आहेत. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती देतात. कुणा संशोधकाच्या हाताखाली बसायचं आणि तो माणूस दिवसभर नेमकं काय करतो ते जवळून पाहायचं. पण दाराआधी अर्ज येतो, आणि अर्जात गणिताची आवड शब्दांत मांडायची असते. आपल्या घरांत आवड विचारतात ती भाजीची. विषय मार्क पाहून ठरतो. भाचीने तो एक परिच्छेद लिहायला जितकी पानं फाडली, तितकी तिने उभ्या वर्षात सोडवली नसतील. मग शिफारसपत्र. भरगच्च वर्गाला शिकवणाऱ्या सरांना तिचा चेहरा नीटसा आठवेना, पण मन मोठं. त्यांनी "विद्यार्थिनी नियमित असून तिची वर्तणूक चांगली आहे" असं लिहून दिलं. अनंत श्रेणींशी तिची वर्तणूक कशी आहे, याविषयी पत्राने मौन पाळलं होतं.

तिथे परीक्षा नसते हे कळल्यावर आईला आधी बरं वाटलं आणि लगेच काळजी वाटली. परीक्षाच नाही, तर अभ्यास करायचा कशासाठी? शिवाय तिथले शिक्षक चटकन उत्तर सांगत नाहीत. मूल काही बोललं की "का?" विचारतात आणि पाऊस पडेपर्यंत वेळ आहे अशा चेहऱ्याने थांबतात. एका रात्री भाचीने फोनवर एक गंमत सांगितली. कोणतीही संख्या घ्यायची, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवायची आणि वर एक्केचाळीस. शून्यापासून निघालं की ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशी मूळ संख्यांची वरात सुरू होते. ऑयलरने अठराव्या शतकात पाहिलेली ही वरात एकोणचाळीसपर्यंत जराही विस्कटत नाही. मुलांनी वहीचं पान भरलं, नियम सापडला म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या, आणि चाळीसला आले १६८१. म्हणजे एक्केचाळीस गुणिले एक्केचाळीस. "मामा, चाळीस वेळा खरी ठरलेली गोष्टसुद्धा खोटी निघते!" दर निवडणुकीला मत देत आलेल्या माणसाला ही बातमी नवी नव्हती. पण फसगतीचा इतका निर्मळ आनंद मी कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता, म्हणून गप्प राहिलो.

तसं पाहिलं तर या वयात स्वतःचं काही शोधू पाहण्याची खोड आपल्याकडे जुनीच. डहाणूत जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, १९२७ साली, त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे ते देवळालीला शाळामास्तर झाले आणि आकड्यांशी खेळत राहिले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. ते उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ दारात उभी. तिचा उपयोग काय? काहीच नाही. डोंबिवलीच्या स्टेशनावर, जिथे आज माणसाला एक पाय ठेवण्यापलीकडे काही सुचत नाही, तिथे त्यांना संख्यांचं एक अख्खं कुळ सुचलं आणि स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्याला 'डेमलो' म्हटलं. पुष्कळांनी हा पोरखेळ मानला. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा या पोरखेळाची कीर्ती देवळालीहून थेट परदेशी पोहोचली.

भाची परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "मग, काय शोधून काढलंस?" तिने खरं ते सांगितलं, "एक गोष्ट खरी नाही, एवढं सापडलं." काकूंनी तिच्या हातावर साखरआंब्याचा चमचा ठेवला, तो कौतुकाचा होता की सांत्वनाचा, ते ठरवता आलं नाही. चार आठवड्यांत प्रमेयं सापडत नसतात. यातली बरीच मुलं पुढे बँकेत जातील, सॉफ्टवेअरमध्ये जातील, आणि मूळ संख्यांची गाठ पडलीच तर पासवर्डाच्या आडून पडेल. पण विसाव्या वर्षी, एकदा तरी, आपण अडलेलो असताना समोरच्या माणसाला मुळीच घाई नव्हती, हे त्यांना ठाऊक असेल. आपल्या शाळा-कॉलेजांत इतकी वर्षं काढूनही ही चैन फार थोड्यांच्या वाट्याला येते. तेवढ्यासाठी एका शिफारसपत्रापायी सरांकडे चार हेलपाटे पडले, तर ते खुशाल पडू द्यावेत.