जिभेच्या अवास्तव वापराबाबत

प्रति,
समस्त श्वानवर्ग (साखळीचा व मोकळा),
जिल्हा भंडारा.

नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनचे मे अखेरचे नऊ दिवस, सुरू झाला की श्वानवर्ग दारात जीभ लोंबवून बसतो, हे घराच्या शोभेस बाधक असल्याची गृहस्थांची तक्रार आहे. भंडारा हा वैनगंगेकाठचा, तळ्यांचा व धानाचा जिल्हा असून त्यास वाळवंट म्हणता येत नाही; तथापि पारा 45 अंशांना टेकू लागल्यावर तक्रारदारांनी घरोघरी ‘डेझर्ट कूलर’ बसविला आहे, ही गोष्ट वेगळी.

श्वानवर्गाचा बचाव असा की, जीभ हाच त्याचा कूलर होय. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नाममात्र. त्यामुळे धापा टाकून जिभेवरील व श्वासमार्गातील ओल उडविणे आणि उडणाऱ्या वाफेबरोबर अंगातील उष्णता बाहेर घालविणे, एवढाच मार्ग त्याच्यापाशी उरतो, आणि कूलरची ओली ताटी नेमके हेच करते. टाकी आटली की ताटी सुकते, हवा दमट झाली की ती कुचकामी ठरते. जिभेचेही तसेच, म्हणून पत्र्याच्या बंद खोलीत कोंडलेल्या कुत्र्याचे, त्यातही पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीचे, तापमान 38-39 अंशांवरून 41 च्या पुढे जाऊन उष्माघात होतो.

खिशात कांदा बाळगण्याचा वैदर्भीय तोडगा श्वानवर्गास सुचविता येत नाही, कारण त्यास खिसा नाही. हे बरेच झाले, कारण कांदा पोटात गेल्यास कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

कूलरची टाकी रिकामी झाली की मोटर जळेल या धास्तीने धावणारा गृहस्थ अंगणातल्या कोरड्या भांड्यापाशी थबकत नाही, आणि सकाळी कडुनिंबाखाली बांधलेली साखळी दुपारी, सावली सरकल्यावरही, तिथेच राहते. कुत्रा झोकांड्या खाऊ लागल्यास त्यास आधी नळाच्या पाण्याने भिजवून वारा घालावा, नंतर पशुवैद्यकाकडे न्यावे. ओले पोते गुंडाळून ठेवल्यास उष्णता आतच कोंडते, हे तक्रारदारांनी ध्यानी घ्यावे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाच्या कलम 11 अन्वये पुरेसे पाणी वा निवारा न देणारा मालक दोषी ठरतो, आणि पहिल्या गुन्ह्यास दंड आहे 10 ते 50 रुपये. तेवढ्यात कूलरची एक ताटीही बदलून मिळत नाही.