रेटकाका

तुम्ही पिशवी घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत शिरता. पिशवीत काय आहे हे विचारायच्या आधी ‘कितीला?’ असं विचारणारा माणूस बाकावर बसलेला असतोच. तुमच्या सोसायटीत त्यांना काय म्हणतात माहीत नाही. आमच्या विरार पश्चिमेत रेटकाका म्हणतात. आकडा ऐकला की काका जीभ टाळूला लावून ‘च्क्’ करतात. एक च्क् म्हणजे दहावीस रुपयांना बुडालात. दोन म्हणजे दुकानदारानं तुम्हाला बरोबर ओळखलं. आणि तीन च्क् करून मान डावीकडे कलली, तर तुमच्या आईवडिलांनी तुमच्या शिक्षणावर केलेला खर्चसुद्धा वाया गेला. वर ठरलेलं वाक्य: ‘मला आधी विचारायचंत.’

पुण्याच्या मावशीसाठी मी आगाशीहून सुकेळी आणली. तीन च्क्. ‘राजेळी केळी आणायची, सोलून गच्चीवर वाळत घालायची. निम्म्यात काम.’ मी म्हटलं, कावळे हाकायला कोण बसणार? त्याचा रोजही काकांना पाठ होता. मासळी बाजारात त्यांनी एकदा दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा सौदा ऐकून च्क् केलं. कोळीण कोयता खाली न ठेवता म्हणाली, ‘काका, घ्यायचा नसंल तं वाट सोडा.’ त्यांनी वाट सोडली. पण दोन पाट्या पुढे जाऊन तेच केलं. सोसायटीतले बहुतेक लोक आता त्यांना खरा आकडा सांगतच नाहीत. मी कांदेसुद्धा किलोमागे पाच रुपये उतरवून सांगतो, आणि त्यावरही एक च्क् खातो.

असा माणूस ‘अ‍ॅडॉप्ट मी’मध्ये शिरला, हा नातवाचा प्रताप.

ज्यांच्या घरात दहा वर्षांचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोब्लॉक्सवरचा हा खेळ २०१७ साली सुरू झाला, तेव्हा त्यात एकानं आईबाप व्हायचं आणि दुसऱ्यानं बाळ. २०१९मध्ये त्यात पाळीव प्राणी आले आणि आईबाप मागे पडले. अंडं उबवायचं, पिल्लू वाढवायचं. एकाच जातीची चार पूर्ण वाढलेली जनावरं एकत्र केली की एक चमकणारं निऑन होतं, आणि तशी चार निऑन मिळून एक मेगा. म्हणजे एका मेगापायी सोळा जनावरं पोसायची. खरी मजा मात्र अदलाबदलीत. फ्रॉस्ट ड्रॅगन २०१९च्या नाताळात हजार रोबक्सला, म्हणजे रोब्लॉक्सच्याच चलनात, मिळत होता. आता तो दुकानात नाही, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. भाव छापलेला नसतो. म्हणून पोरं एकमेकांना विचारतात: डब्ल्यू, एफ की एल? फायदा, बरोबरी की तोटा?

या विचारण्याला पोरांनी शिस्त लावली आहे, आणि ती आपल्या मासळी बाजारापेक्षा कडक आहे. कुणी विचारल्याशिवाय भाव सांगायचा नाही. सौदा झाल्यावर तर नाहीच. झालेल्याला ‘एल’ म्हणणं म्हणजे समोरच्याला रडवणं. आणि सगळ्यांत नीच काम कोणतं, तर दुसऱ्याच्या जनावराचा भाव पाडून सांगायचा आणि मग स्वतःच म्हणायचं, ‘बरं, मी घेतो.’

काकांनी पहिले दोन नियम पहिल्याच संध्याकाळी मोडले. खेळ त्यांनी कधी खेळलेला नाही, ड्रॅगन आणि जिराफ यांतला फरक त्यांना चष्म्याशिवाय कळत नाही. पण जिन्यात बसलेल्या पोरांच्या मोबाइलवर वाकून त्यांचं सुरू. ‘जिराफ देऊन हे घेतलंस? च्क्, च्क्.’ पोरगं रडत वर. आई खाली. तिसरा नियम मात्र त्यांनी कधीच मोडला नाही. कुणाच्याही तोट्यावर स्वतःचं दुकान मांडणं हे त्यांच्या रक्तात नाही, एवढं मला नाइलाजानं मान्य करावं लागतं.

‘योग्य भावात आहे, घेऊन टाक’ असं ते एकदाच म्हणाले होते. मेव्हण्याला, नालासोपारा पूर्वेच्या फ्लॅटबद्दल. चौरस फुटाचा रेट खरोखरच चांगला होता. पैसे आधी दिले, कागद ‘नंतर मिळतील’ म्हणून सांगितलं होतं. जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव निघाली. न्यायालयाच्या आदेशावरून तिथल्या ४१ इमारती पाडल्या गेल्या, त्यात मेव्हण्याचीही गेली. फेब्रुवारी २०२५पर्यंत सगळं सपाट. चार चार मजले उठेपर्यंत एकाही साहेबाच्या तोंडून च्क् निघालं नव्हतं. मेव्हणा आता भाड्यानं राहतो. त्या भाड्याचा आकडा काका कुणाला सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरची पाचवीतली मुलगी मोबाइल घेऊन त्यांच्याकडे आली. आपण होऊन, विचारायला. समोरचा तिच्या फ्रॉस्ट ड्रॅगनच्या बदल्यात इतकं काही देत होता की एका खेपेत मावत नव्हतं. तो म्हणत होता, आधी तू ड्रॅगन दे, दुसऱ्या खेपेत मी सगळं देतो, विश्वास ठेव.

‘डब्ल्यू आहे ना, काका?’

काकांनी च्क् केलं नाही. चष्मा लावून तो निरोप त्यांनी दोनदा वाचला. ‘आधी दे आणि नंतर घे? नाही. त्याचं सामान समोर दिसेपर्यंत हात लावायचा नाही.’

‘पण डब्ल्यू आहे!’

‘बाळा, रेट चांगलाच असतो.’

तिनं सौदा मोडला. समोरच्यानं काहीतरी वेडंवाकडं लिहिलं आणि तो पसार झाला. संध्याकाळी तिची आई आभार मानायला खाली आली; गेल्याच महिन्यात हीच बाई याच काकांशी भांडून वर गेली होती. काका संकोचले, बाकावर जरा सरकून बसले.

‘आभार राहू द्या हो,’ म्हणाले. ‘हिच्या ट्यूशनला किती भरता?’

तिनं आकडा सांगितला. खरा.