हौस कोणाची?

आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी यंदा दहावी पास झाली. मावशींनी केक आणला. अर्ध्या किलोचा, वर गुलाबी क्रीम, त्यावर मुलीचं नाव. दुकानदाराने वेलांटी चुकवलेली. रिक्षात हिंदकळू नये म्हणून खोका मांडीवर दोन्ही हातांनी धरून आल्या आणि प्रत्येक घरी एकेक तुकडा देऊन गेल्या. त्या जिना उतरतात न उतरतात तोच शेजारून आवाज आला, "महिनाअखेरीला उचल मागायची आणि वर ही उधळपट्टी! थेर नुसते." त्याच घरात महिन्यापूर्वी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल घेतला होता. फुग्यांची कमान, दीडशे पानं. तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो होतो, हौसेला मोल नसतं.

खर्चाला मराठीत शब्दांची ददात नाही. पण ते खर्च पाहून ठरत नाहीत, खिसा पाहून ठरतात. श्रीमंताचा थाट, गरिबाचे थेर. त्याला छंद असतो, याला नाद लागतो. तो खवय्या, याच्या जिभेचे चोचले. मुलाने हप्त्यावर बाइक घेतली तर गरज, सुनेने स्वतःच्या पगारातून पर्स घेतली तर छानछोकी. उद्योगाला सवलत दिली की ते प्रोत्साहन, शेतकऱ्याला दिली की खिरापत. भोंडल्याची गाणी संपली की डबा वाजवून जी ओळखायची आणि मग सगळ्या पोरींनी सारखी वाटून खायची, ती खिरापत. इतका गोड शब्द आपण शिवीसारखा वापरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चैन घ्या. चैन 'पडते' तेव्हा तो जिवाचा विसावा असतो, चैन 'करतो' तेव्हा तो गुन्हा होतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात रात्री डोळ्याला डोळा लागावा म्हणून एखादी बाई हप्त्याने कूलर घेते. तिला चैन पडावी एवढंच तिचं म्हणणं. गल्ली म्हणते, चैन करते.

उधळणंही तसंच. जेजुरीला भंडारा उधळतात आणि बैलही उधळतो. एकात भक्ती आहे, दुसऱ्यात दावं तुटलेलं. गरिबाने चार पैसे सोडले की आपल्याला दरवेळी बैलच आठवतो.

हा आरोप आजचा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांच्या वह्या, कर्जरोखे जाळले. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, सावकाराने हात आखडला होता. पण कारण विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: कुणबी लग्नात पैसा उधळतो, म्हणून बुडतो. सरकारने चौकशी आयोग नेमला. इंग्रज सरकारचाच आयोग, त्याला कुणब्याचा कैवार घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याने म्हटलं, कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा असेलही, पण तो कधीतरीच येतो आणि कर्जाचं मूळ तिथे सहसा सापडत नाही. जोतीराव फुल्यांनीही 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या आरोपाचा समाचार घेतला. एवढं होऊनही आज कुणी शेतकरी गेला की पारावर दुसऱ्या दिवशी चर्चा निघते ती त्याच्या मुलीच्या लग्नाचीच.

मग खरी उधळपट्टी कुठे असते? ती मी लग्नाच्या बैठकीत पाहिली आहे. सतरंजी अंथरलेली, पोहे येऊन गेलेले, याद्या करायला वही उघडलेली. मुलाकडचे वडीलधारे घसा खाकरून म्हणाले, "आमची काही मागणी नाही. तुमच्या लेकीसाठी हौसेने काय द्यायचं ते द्या." मुलीच्या बापाने वहीत डोकं घातलं आणि लिहायला लागला. अंगठी. मानपानाचे आहेर. पाचशे पानं. कुणीही एक वस्तू तोंडाने मागितली नाही. 'हौस' या एका शब्दाने सगळं वसूल केलं.

हौस हा मूळ अरबी 'हवस'. हिंदीत तो वासनेचा शब्द आहे. मराठीने त्याला घरात घेतलं, निर्मळ केलं. आपण हौशी नाटकं करतो. लेकीचं नाव हौसा ठेवतो. त्या शब्दाआडून कोणी कर्ज काढायला लावत असेल, तर तो त्या लेकीशी आणि भाषेशीही केलेला दगा आहे. उद्या तो बाप कर्जात बुडाला की हेच पाहुणे म्हणणार, ऐपत नव्हती तर एवढी उधळपट्टी कशाला केली?

हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा आहे. न मागता, रिवाजाप्रमाणे दिलेल्या भेटींना त्यात मोकळीक आहे. पण त्या देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरच्या नसाव्यात आणि त्यांची यादी ठेवावी, असंही त्यातच लिहिलं आहे. वही तर बैठकीत उघडलेलीच असते.

म्हणून सांगते, तुमच्या घरात लग्न ठरत असेल आणि समोरून 'हौसेने द्या' असा शब्द आला, तर पेन खाली ठेवा आणि सगळ्यांदेखत विचारा: हौस कोणाची?