गावच्या जत्रेत राणी कसं व्हावं

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही काउंटीच्या रोडिओ क्वीन, म्हणजे घोडे, बैल आणि फास यांच्या काउबॉय खेळांच्या राणी झालात. आखून दिलेल्या वळणांवर घोडा फिरवून दाखवलात, परीक्षकांसमोर भाषण ठोकलंत, घोड्याच्या पोटदुखीवर लेखी उत्तर लिहिलंत आणि हे सगळं करताना हसत राहिलात. आता वर्षभर राज्य तुमचं. राज्य म्हणजे ओरेगन, आयडाहो, वायोमिंग असल्या अमेरिकेच्या पश्चिम भागातली एखादी काउंटी. आपल्या हिशेबात जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी. राजवाडा नाही, पगार नाही, घोड्याचा खुराक घरचा.

परगावच्या रोडिओंत कितीही मिरवून आलात तरी खरी परीक्षा उन्हाळ्यात, घरच्या काउंटी फेअरला. परगावच्या लोकांना फक्त मुकुट दिसतो. घरच्या प्रेक्षकांत तुमच्या तिसरीच्या बाई असतात, तुमच्या दातांना तारा बसवणारे डेंटिस्ट असतात, आणि गाडी शिकताना तुम्ही ज्यांच्या कुंपणात पिकअप घातलीत ते गृहस्थ सहकुटुंब पहिल्या रांगेत असतात. पुढच्या सूचना त्या चार-पाच दिवसांसाठी.

सुरुवात डोक्यापासून. तुमचा मुकुट बसवलेला असतो काउबॉय टोपीच्या पुढच्या बाजूला, आणि टोपी डोक्यावर. म्हणजे टोपी उडाली की गादी गेली. केस आधी कुरळे करा, मग फुगवा, मग स्प्रे इतका मारा की आसपास कुणाला काडी ओढू देऊ नये. टोपीच्या आत शिवलेलं इलॅस्टिक मानेवरच्या केसांखालून घ्या. दोन्ही कानशिलांवर काळ्या पिना तिरक्या खोचा; सरळ खोचलेली पिन पहिल्याच दौडीत निसटते. काही जणी कपाळाशी दोन्हीकडून चिकटणारी टेपही लावतात. टोपी पक्की झाली का, हे बघायची रीत सोपी आहे: मान खाली घालून जोरात झटका द्या. डोळ्यांत पाणी आलं तर झाली. एवढं करूनही घरच्या मैदानात टोपी पडलीच, तर पुढची वीस वर्षं किराणा घ्यायला दुसऱ्या गावी जायची तयारी ठेवा.

कपड्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, ते तुमच्या आईने आणि शिंपिणीने आधीच ठरवलेले असतात. भर ऑगस्टात लांब बाह्यांचा चमचमता शर्ट, कडक इस्त्रीची जीन्स, तिच्यावर चामड्याच्या झालरवाल्या चॅप्स आणि ताटलीएवढं बक्कल. पाणी भरपूर प्या असं कुणी सांगेल. प्या, पण मैदानावरच्या फिरत्या शौचालयाची रुंदी आधी बघून ठेवा.

आता मैदान. रोडिओची सुरुवात ग्रँड एंट्रीने होते आणि तुम्ही भरधाव आत येता. लगाम डाव्या हातात, उजवा हात प्रेक्षकांसाठी. मैदानाला वळसा, सलाम, आणि आलात तशा बाहेर. सगळा खेळ मिनिटभराचा. ओरेगनमधल्या पेंडल्टन राउंडअपची राणी आणि तिच्या सोबतिणी तर कुंपणावरून घोडे उडवत मैदानात उतरतात. तुमच्याकडून तशी अपेक्षा नाही, पण तुमच्या काउंटीतली निम्मी माणसं पेंडल्टनला जाऊन आलेली असतात आणि हे ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

राष्ट्रध्वज हाती आला तर दांडा रिकिबीजवळच्या खोळीत रोवा आणि काहीही झालं तरी तो कुणापुढे झुकवू नका; अमेरिकेच्या ध्वजसंहितेला ते चालत नाही. त्यानंतर येतात प्रायोजकांचे झेंडे. इथे नवशिक्या राण्यांची गडबड होते. मनात असतं देश, परंपरा, घोड्यावरची पिढीजात मांड. हातात असतो टायरच्या दुकानाचा झेंडा. तोही त्याच इतमामाने मिरवा. दुकानदार मोजत बसलेला असतो. वारा समोरून असेल तर झेंडा तोंडावर गुंडाळला जातो आणि आपण कुठे चाललोय ते फक्त घोड्याला कळतं. घोडा स्वतःचा असेल तर निभावतं. परगावी कधीकधी उसना घोडा मिळतो, आणि त्याला टायरमध्ये रस नसतो.

स्पर्धा सुरू झाली की तुमचं खरं काम लागतं. फास टाकून झाला, वासरू सुटलं, आता त्याने मैदानाबाहेर जायचं. ते जात नाही. निवेदक माइकवरून म्हणतो, ‘बघू या आपल्या राणीसाहेब काय करतात.’ वासराच्या अंगावर घोडा घालू नका. त्याच्या मागच्या पायाच्या रेषेत या आणि घोड्याला चालीवर ठेवा, ते आपोआप फाटकाकडे वळतं. माझं विचाराल तर राणी ओळखावी ती याच अर्ध्या मिनिटात. सलामाची तालीम आरशासमोर होते, वासराची होत नाही.

प्रश्नांची तयारी ठेवा. बैलावर किती वेळ टिकायचं? आठ सेकंद, आणि मोकळा हात कुठेही लागू न देता. गुण किती? शंभरांतून, निम्मे स्वाराचे, निम्मे जनावराचे. घोड्याच्या पोटामागे पट्टा कशाला बांधतात, हा प्रश्न शहरातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर राण्यांकडून पाठ करून घेतलेलं असतं. ते म्हणा, पण जरा सावकाश म्हणा. वासरू धावत असताना गळ्यात फास पडून उलटतं, ते बघून कळवळलेल्या माणसाला पाठ केलेलं उत्तर पुरत नाही, आणि त्याला मूर्खात काढायचा अधिकार मुकुटाबरोबर मिळत नाही.

एखादी म्हातारी जवळ येऊन विचारेल, ‘पोरी, नुसतीच हात हलवतेस की उधळत्या घोड्यावर बसतेस पण?’ रागावू नका. तिला इतिहास ठाऊक असतो. पेंडल्टनला 1910 पासून राणी आहे. 1927 साली ती होती मेबल स्ट्रिकलंड: उधळत्या घोड्यावर बसणारी, फास टाकून बैल आडवा करणारी, नाव कमावलेली रोडिओपटू. दोनच वर्षांनी, 1929 मध्ये, त्याच मैदानात उधळत्या घोड्यावर बसण्याच्या स्पर्धेत बॉनी मॅकॅरोल ही रोडिओपटू घोड्याखाली सापडली आणि काही दिवसांनी दवाखान्यात वारली. पेंडल्टनने बायकांची ती स्पर्धा बंद केली, हळूहळू इतरांनीही केली. पुरुष मरत होतेच, त्यांची काही बंद झाली नाही. बायकांना उरला मुख्यतः मुकुट. पुढे 1948 साली टेक्सासातल्या सॅन अँजेलोत अडतीस जणींनी स्वतःची संघटना काढली, म्हणून आज तीन पिंपांभोवती घोडा फिरवायची बॅरल रेस तुम्हाला सर्वत्र दिसते. म्हातारीला हे सगळं ऐकवू नका, ती तुम्हाला ऐकवेल. उभं राहून ऐका.

(तिकिटं विकायला लागली म्हणूनही कुरकुर नको. जुन्या काळी कित्येक ठिकाणी सर्वांत जास्त तिकिटं खपवील ती राणी, असाच नियम होता. आता आधी राणी करतात आणि मग विकायला लावतात.)

जनावरांचा लिलाव हा मात्र सगळ्यांत अवघड भाग, आणि घोड्यावर नसल्यामुळे पळताही येत नाही. फोर-एच या शेतकी युवा मंडळातल्या मुलांनी महिनोन्महिने पाळलेली डुकरं, मेंढ्या, गोऱ्हे इथे विकायला येतात. तुम्ही रिबिन आणि हसू घेऊन शेजारी उभ्या. डुकराला दोरी नसते, पोरगं काठीने हळूच मानेवर, कुशीवर टोचत त्याला फिरवतं, आणि डुक्कर थेट तुमच्या पांढऱ्या चॅप्सकडे येतं. येऊ द्या. लिलाववाला एका श्वासात आकडे म्हणत सुटतो. खाद्याचा दुकानदार, बँकवाला, ट्रॅक्टरवाला बाजारभावाच्या कितीतरी वर बोली चढवतात. पोराच्या कॉलेजच्या खर्चाला हातभार म्हणून, आणि पोराचा बाप गिऱ्हाईक आहे म्हणूनही. हातोडा पडतो. दहा वर्षांचं पोर फोटोसाठी ताठ उभं राहतं, हनुवटी थरथरते. इथे एकच नियम: डुकराचं नाव विचारू नका. नाव असतंच. पोराने आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या, आणि फोटोवाल्याला म्हणा, जरा थांब.

मेंढीवर बसण्याच्या स्पर्धेत पाच-सहा वर्षांची हेल्मेटवाली पोरं धरायचं काम तुमच्याकडे येईल. पडलेल्या पोराला उचलण्याआधी आई कुठे बसलीय ते बघा. आई उठली असेल तर तुम्ही वेगाने उचला.

खाण्याबद्दल एवढंच: पिठीसाखर भुरभुरवलेला फनेल केक गडद शर्टावर नको, मोहरीच्या सॉसचा कॉर्न डॉग फिकट शर्टावर नको. राणीपदाचा पट्टा अंगावर असेपर्यंत बिअरच्या तंबूकडे पाहायचंही नाही, ते तुमच्या करारात बहुधा आहेच. तिसरीच्या बाई मात्र तिथे बसलेल्या असतात आणि हाक मारतात.

शेवटी मिरवणूक. घोडे शक्यतो बँडच्या मागे ठेवतात. कारण बँडवाल्यांना विचारा. तुमच्यामागून एक पोरगा फावडं आणि हातगाडी घेऊन येतो. चौकाचौकात तुमच्यासाठी टाळ्या पडतील, तो वाकला की दुप्पट पडतील, शिट्ट्याही. मागे वळून बघू नका आणि हात हलवायचा थांबवू नका. पोरगा तुमचा सख्खा भाऊ असेल, तर आदल्या रात्री त्याच्याशी ठरवून घ्या की तो वाकून सलाम करणार नाही. पाच डॉलर पुरतात, दहा मागेल.