कुणाच्यातला?

सकाळी सातला साताऱ्यात पोवई नाक्यावर पाठीला सॅक, एका हातात चहा आणि मान वाकडी करून खांद्यात फोन दाबलेला माणूस दिसला, की समजावं हा सिस्टिमवाला आणि तिकडं सांगलीत कुणाचं तरी बिल तटलंय.

त्याचे प्रश्न ठरलेले. बंद करून चालू केलं का? सगळ्यांना येतंय का एकालाच? आणि काल काय बदललं? तिसऱ्याचं उत्तर आजवर कुणी खरं दिलेलं नाही. "छे ओ, कायच न्हाई!" हे ऐकलं, की तो कराड, पेठ नाका करत सांगलीची एसटी धरतो.

मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकलेले. गाडी भरून उभी, ड्रायव्हर तंबाखू मळतोय. बिल नाही म्हणून ई-वे बिल नाही, ई-वे बिल नाही म्हणून गाडी हलत नाही. दिवाणजींनी जुनं बिलबुक झटकून बाहेर काढलेलं, आणि चेहऱ्यावर 'मी म्हणत नव्हतो?'

सिस्टिमवाला चहाशिवाय बॅकअप घेत नाही आणि बॅकअपशिवाय कशाला हात लावत नाही. दोन्ही झाल्यावर तो स्क्रीनवरची लाल ओळ मोठ्यानं वाचतो. एरर 195. 'हमाली' नावाचं फंक्शन ओळखीचं नाही.

दिवाणजी दुखावतात. "चार वर्षं रोज हमाली काढतंय ते, आणि आज वळखत न्हाई?"

"काका, पोरगं दारात आलं की तुम्ही काय विचारता?"

"कुणाच्यातला रं तू?"

"तेच विचारतंय ते."

मग पारावर बसल्यागत तो समजावतो. एसक्यूएल सर्व्हरची स्वतःची फंक्शनं ही घरची माणसं, नुसत्या नावानं हाक मारली तरी ओ देतात. हमाली आपण बनवलेलं. त्याच्या नावाआधी घराणं लावावं लागतं, डीबीओ आणि एक टिंब. डीबीओ म्हणजे डेटाबेस ओनर, मालक. रात्री पुण्याहून कुणीतरी बिलाचा फॉरमॅट 'जरासा' सुधारला आणि त्यात घराणंच गळालं. म्हणजे काल काहीच बदललेलं नव्हतं!

दर वेळी इतक्यात भागत नाही. मागच्या खेपेला पोत्यांचे नंबर एका ओळीत जोडायला पुण्याच्या पोरानं स्ट्रिंग_ॲग वापरलं होतं. हे फंक्शन सर्व्हरच्या 2017 च्या आवृत्तीत जन्मलं, आणि यार्डातला सर्व्हर 2012 चा. न जन्मलेल्या नातवाला म्हातारा ओळखणार कसा? पोरगं फोनवर एकच सांगत होतं, "माझ्याकडं चालतंय." सिस्टिमवाला शांतपणे म्हणाला, "मग गाडी तुझ्याकडं भरायला पाठवू का?"

तर डीबीओ लागतं, प्रिंटर खरखरतो, गाडी हलते. दिवाणजी बिलबुक आत ठेवतात. फार आत नाही. "एवढ्या एका टिंबासाठी साताऱ्याहून आलासा?" या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नसतं. टिंब लावायचे पैसे नसतात, ते कुठं लावायचं याचे असतात, हे त्याला शेठना अजून पटवता आलेलं नाही.

दुपारी तो कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गेटवर उभा असतो. वॉचमन वहीतून डोकं वर काढत नाही.

"कोण?"

"सिस्टिमवाला."

"यादीत न्हाई."

"अकाउंटच्या मॅडमनी बोलावलंय."

"मग आधी सांगायचं की!"

गेट उघडतं. सिस्टिमवाला आत शिरता शिरता पुटपुटतो, "195."