उकळी येऊ दे की!

चहा येत नाही असं सांगणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही. पोळ्या येत नाहीत, पोहता येत नाही, चारचाकी मागे घेता येत नाही, हे सगळं आपण मोकळेपणानं सांगतो. चहा मात्र प्रत्येकाला येतोच, आणि शिवाय 'माझ्या हातचा' वेगळा असतो. हल्ली लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडचे विचारतात, मुलाला स्वयंपाक येतो का? मुलाची आई अभिमानानं सांगते, "चहा फार छान करतो हो!" आणि विषय तिथेच संपतो. कधीकधी लग्नाचाही.

या आत्मविश्वासाचं कारण आपल्या कृतीत आहे. पातेल्यात पाणी, पाण्यात साखर, ठेचलेलं आलं, मग पावडर, मग उकळी. उकळी आली की दूध आणि पुन्हा उकळी. मनात शंका असेल तर आणखी एक उकळी. पावडर जास्त पडली तर दूध वाढवा, दूध जास्त झालं तर पुन्हा पावडर टाका, काहीच जमलं नाही तर साखर आहेच. पाव्हणे अचानक वाढले तर पाणी वाढवा. हा चहा बिघडूच शकत नाही, ही त्याची थोरवी. पानाच्या चहाचं सगळं उलटं. त्यात फारसं काही करायचं नसतं, आणि काही न करणं आपल्याला जन्मात जमलेलं नाही.

माझी भाची बंगळूरला असते. मे महिन्यात सुट्टीला आली तेव्हा तिनं दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशचा डबा आणला. फर्स्ट फ्लश म्हणजे थंडी सरल्यावर, फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत होणारी पहिली खुडणी. डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, "मामा, हा उकळायचा नाही हं."

आतून आईचा आवाज आला, "मग प्यायचा कसा?"

डब्यावर चहाच्या नावापुढे एस.एफ.टी.जी.एफ.ओ.पी. अशी अक्षरांची माळ होती. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पाटीवरसुद्धा एवढ्या पदव्या नाहीत. ती सोडवली की 'स्पेशल फाइन टिपी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको' असं निघतं. यात संत्रं नाही आणि फूलही नाही. पान केवढं आहे, अखंड आहे का, त्यात कोवळे शेंडे किती आहेत, एवढंच ही अक्षरं सांगतात. चवीबद्दल त्यांनी कसलीही हमी घेतलेली नसते. त्यातल्या एफ.टी.जी.एफ.ओ.पी.चा 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल' असा विस्तार चहाच्या व्यापारातले लोक गमतीनं करतात. आमच्या घरानं तो गंभीरपणे घेतला आणि डबा काही दिवस शोकेसमध्ये ठेवला.

भाचीनं डबा खाली काढून उघडला. आत हिरवट-तपकिरी, वळलेली, लांबट पानं. आईनं चिमूटभर तळहातावर घेतली, चष्मा वर करून पाहिली आणि विचारलं, "हे दळायचं राहिलंय का?"

प्रश्न वेडगळ नव्हता. आपण जन्मभर 'पावडर' म्हणून जी वापरतो ती सीटीसी. क्रश, टिअर, कर्ल. दातेरी रोलरांमधून पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याच्या बारीक गोळ्या करायच्या. विल्यम मॅककर्चर नावाच्या गृहस्थांनी १९३०च्या सुमारास आसाममधल्या अमगुरीच्या मळ्यात हे यंत्र बसवलं, आणि आपल्या चहाचा रंग कायमचा ठरला. गोळी बारीक असल्यामुळे ती पाण्यात पडल्या पडल्या सगळं देऊन मोकळी होते. रंग कडक, चव कडक. त्या कडकपणाला दुधातली प्रथिनं आवरतात, कारण ती चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात. म्हणून सीटीसी आणि दूध यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या सुखाचा झाला. अखंड पान मात्र सावकाश उलगडतं आणि आपला सुगंध हळूहळू सोडतं. त्यात म्हशीचं दूध ओतलं तर उरतं ते फक्त दूध.

भाचीनं कृती सांगितली. पाणी गाळणीयंत्रातलं घ्यायचं, टँकरचं नाही. जड पाण्यात चहाचा रंग मंदावतो आणि वर तवंग येतो. एका कपाला, म्हणजे साधारण दोनशे मिलिलिटर पाण्याला, दोन ते अडीच ग्रॅम पान. वजनकाटा नसला तर एक भरगच्च चमचा, कारण हे पान फुगीर आणि हलकं असतं. पाणी उकळवायचं, गॅस बंद करायचा, झाकण काढून दोनेक मिनिटं थांबायचं. ते नव्वद अंशांच्या आसपास उतरलं की पानावर ओतायचं आणि वर झाकण ठेवायचं. तीन मिनिटांनी गाळायचं. पानं पाण्यात ठेवून द्यायची नाहीत, नाहीतर तुरटपणा उतरत राहतो.

"त्यासाठी ते जाळीचं अंडं आणावं लागेल ना?" बायकोनं विचारलं. तिनं ते मॉलमध्ये पाहून ठेवलं होतं.

"नको मामी. त्यात पानांना फुलायला जागाच मिळत नाही. दोन भांडी आणि आपली रोजची गाळणी पुरे."

थर्मामीटर नको, जपानी किटली नको, जाळीचं अंडं नको, हे ऐकून माझा या चहावरचा विश्वास एकदम वाढला.

पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि ती तीन मिनिटं सुरू झाली.

पानाच्या चहात अवघड काय असेल तर ही तीन मिनिटं. पातेल्यातल्या चहाला माणूस सतत लागतो. ढवळा, गॅस कमी करा, उतू जातोय म्हणून धावा, सांडशी कुठे ठेवली म्हणून घर डोक्यावर घ्या. इथे हाताला कामच नाही. पहिल्या मिनिटात बायकोनं झाकण उचलून पाहिलं. "रंग कुठाय?" दुसऱ्या मिनिटात आईनं थोडं आलं किसून आणलं. "आत नाही टाकत, नुसतं जवळ ठेवते." मी चमच्यानं जरासं ढवळावं म्हणून हात पुढे केला, तर भाचीनं चमचाच काढून घेतला. तिसऱ्या मिनिटात आईनं भांडं सरळ गॅसवर ठेवायला उचललं.

"आजी!"

"अगं, एकच. एक उकळी येऊ दे की!"

त्या हाकेत निदान शंभर वर्षांचा इतिहास आहे. आपल्याला चहा शिकवायचा प्रयत्न याआधीही झालेला आहे आणि तो सपशेल फसलेला आहे. इंग्रज मळेवाल्यांनी १९०३पासून चहावर उपकर बसवून प्रचाराचा पैसा उभा केला. पुढे रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांमधून चहा करण्याच्या पाट्या लागल्या. ताजं पाणी घ्या, किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा आणि एक किटलीचा, मग काही मिनिटं मुरू द्या, दूध-साखर नंतर घाला. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि पाटी तिथेच ठेवली. घरी येऊन सगळं एका पातेल्यात घातलं आणि खाली जाळ लावला. वर आलं-वेलदोडा घालून चहापत्ती वाचवली, त्यावर विकणारे कुरकुरले ते वेगळंच. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो ती सूचना न वाचण्यातून जन्मलेली आहे.

पुण्यात तर चहानं याहून मोठी उकळी पाहिलेली आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हती, त्यांत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. तो वाद कुणाच्या हातचा चहा प्यायला यावर होता. आमच्या स्वयंपाकघरात चहा घरच्याच हातचा होता, तरी प्रायश्चित्ताची वेळ येते की काय असं वाटत होतं.

साहेबाच्या घरी तरी एकमत आहे म्हणावं, तर तेही नाही. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनं १९४६च्या जानेवारीत लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये चहाचे अकरा नियम लिहिले. त्यांतला एक असा की पाणी पानावर पडताना उकळतंच हवं. दार्जिलिंगच्या कोवळ्या पानाला ते सोसत नाही, पण ऑर्वेल कडक चहावाला होता. आसामच्या काळ्या चहाला त्याचा नियम आजही लागू पडतो. पुढे ब्रिटिश मानक संस्थेनं चहा कसा करावा यावर सहा पानांचं मानक काढलं. शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम, सहा मिनिटं. हेतू चांगला होता, चव घेणाऱ्यांना दोन चहांची तुलना सारख्या मापानं करता यावी. पण १९९९ साली त्या संस्थेला त्याबद्दल साहित्याचं इग नोबेल मिळालं. चहाच्या कृतीला साहित्य म्हणणारं ते एकमेव पारितोषिक असावं.

तर तीन मिनिटं झाली. चहा गाळला. कपात फिकट सोनेरी पाणी उतरलं आणि सुगंध मात्र असा, की बायकोसुद्धा गप्प झाली. नेमके त्याच वेळी समोरचे काका वर्तमानपत्र परत द्यायला आले. त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दूध संपलं असेल तर सांगायचं की हो. आमच्याकडे अर्धा लिटर जास्तीचं आहे."

"काका, हा असाच असतो. बिनदुधाचा."

"असं होय." त्यांनी घोट घेतला. बराच वेळ विचार केला. मग सज्जनपणे म्हणाले, "पाणी छान आहे."

आईनं त्यांच्यासाठी पातेलं चढवलं.

त्या दिवशी हा चहा आमच्या घरातून कायमचा जायचा. तो वाचला तो सुगंधामुळे नाही, काटकसरीमुळे. आई गाळणीतली पानं टाकायला निघाली तेव्हा भाची म्हणाली, "आजी, टाकू नकोस. याच पानांचा अजून एक कप होतो. चार मिनिटं ठेव, बस. चांगलं पान असलं तर तिसरासुद्धा निघतो."

आई जागच्या जागी थांबली. "याच पानांचा? पुन्हा?"

"हो."

"आणि रंग येतो?"

"मुळात तरी कुठे आलाय?" बायको म्हणाली.

दुसरा कप झाला. मग आईनं हिशेब मांडला. शंभर ग्रॅमचा डबा समजा आठशे रुपयांचा. कपाला अडीच ग्रॅम म्हणजे चाळीस कप, वीस रुपयांना एक. पण पान दोनदा चाललं तर दहा रुपये. दूध नाही, साखर नाही, गॅसही कमी. शिवाय उरलेली पानं मोगऱ्याच्या कुंडीत. आईनं डबा स्वतःच्या कपाटात हलवला. दोनदा वापरता येणारी वस्तू आमच्याकडे आपोआप संस्कृतीचा भाग होते.

तो डबा आधी मसाल्यांच्या खणात जाणार होता. भाचीनं अडवलं ते बरं झालं, कारण चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं आणि गोड्या मसाल्याच्या वासाचं दार्जिलिंग मळेवाल्यांनाही ओळखता आलं नसतं. फ्रीजही नको, तिथे ओल आणि कालची भाजी असते. काचेची बरणी फळीवर शोभून दिसते, पण उजेडानं पान शिळं होतं. घट्ट झाकणाचा, आतलं न दिसणारा डबा आणि कोरडी जागा, एवढं पुरतं.

जाता जाता ग्रीन टीचंही सांगतो, कारण वजन उतरवण्यासाठी तो पिणारे आमच्या सोसायटीत बरेच आहेत आणि सगळ्यांचे चेहरे सारखेच वेडेवाकडे झालेले असतात. हे लोक हिरवं पान खळखळत्या पाण्यात घालून वर पाच मिनिटं उकळतात. त्याला पंचाहत्तर-ऐंशी अंशांचं पाणी आणि दोनच मिनिटं हवी असतात, त्यापुढे कडवटपणाच उतरतो. मी एकाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पण कडू लागल्याशिवाय गुण कसा येणार?" कारल्यावर वाढलेल्या माणसाशी यापुढे वाद घालता येत नाही.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकदम दार्जिलिंगला हात घालू नये. आधी आसामचा पानाचा काळा चहा आणावा, पन्नास ग्रॅम. त्याला उकळतं पाणी चालतं, तीन-चार मिनिटं मुरणं चालतं, आणि हात अगदीच शिवशिवले तर चमचाभर दूधही चालतं. जीभ सरावली की निलगिरी, मग दार्जिलिंग. सकाळचा आल्याचा चहा सोडायचं काही कारण नाही. दोन्ही पेयं वेगळी आहेत आणि एकाच घरात सुखानं नांदतात. पाण्यावर झाकण ठेवलं की मात्र स्वयंपाकघरातून बाहेर पडा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर न्या. आणि हा चहा पाव्हण्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. मराठी पाव्हणा चहाला नाही म्हणत नाही, पण तो पुन्हा येतोच असंही नाही.