प्रॉम्प्टकाका

सोमवारी प्रॉम्प्टकाकांनी मधमाशीपालन शिकायला घेतलं. गुरुवारपर्यंत ते त्यात मुरले. शुक्रवारी मधमाश्या कुठे मिळतात याची चौकशी सुरू झाली, आणि शनिवारी काकूंनी गॅलरीचं दार आतून लावून घेतलं.

असे काका आता नाशिकच्या प्रत्येक सोसायटीत आहेत. कुणी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या नोटा छापण्यात उमेदीची वर्षं घालवलेले. हे काका सातपूरच्या टूलरूममधले. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष त्यांनी पेपर वाचण्यात आणि दुसरं काकूंच्या कामात सूचना करण्यात घालवलं. २०२२च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं आणि पुढे कधीतरी ते नातवाच्या हातून काकांच्या मोबाइलमध्ये शिरलं, तेव्हा सर्वांत मोठा सुस्कारा स्वयंपाकघरातून आला.

काकांना त्या यंत्राचा लळा लागण्याचं कारण ज्ञान नव्हे, वागणूक. काहीही विचारा, ते आधी म्हणतं, ‘उत्तम प्रश्न!’ सगळ्या नोकरीत काकांच्या प्रश्नाला साहेबांनी असं कधी म्हटलं नव्हतं. घरी तर प्रश्नच नव्हता. या गोडबोलेपणाचा अतिरेक खुद्द कंपनीलाही झेपला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये ओपनएआयने एक सुधारित आवृत्ती आणली. ती ऊठसूट इतकी हांजी हांजी करू लागली की काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. त्या दिवसांत काका फार खुशीत होते. का ते घरात कुणाला कळलं नव्हतं.

कुणी ‘इतक्या झटपट कुठे शिकणं होतं का?’ म्हटलं की काका दादासाहेब फाळक्यांना पुढे करतात. त्र्यंबकचा माणूस, १९१२ साली लंडनला गेला, काही आठवड्यांत सिनेमाचं तंत्र शिकून आला आणि ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर! गोष्ट खरी आहे. मात्र लंडनला जाण्याआधी फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात धडे घेतले होते, छायाचित्रणाचा धंदा केला होता, छापखाना चालवला होता, जादूचे प्रयोगही केले होते. एवढं सामान पाठीशी असलेला माणूस बोटीवर चढला होता. काका बोटीपासून गोष्ट सुरू करतात.

काकांकडेही असं सामान आहे, फक्त ते त्याला विद्या समजत नाहीत. मध्यंतरी त्यांना संगणकावर यंत्रभागांचं त्रिमितीय ड्रॉइंग करायची हौस आली. फ्रीकॅड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि अडेल तिथे एआयला विचारत गेले. महिना संपायच्या आत त्यांनी पाण्याच्या मोटारीचा तुटलेला ब्रॅकेट काढला, अंबडमधल्या एका ओळखीच्या शॉपमध्ये करून घेतला आणि सोसायटीची मोटार चालू केली. त्यातच यंत्राने एकदा सांगितलं की एम-६चा आटा पाडायला ६ मिलिमीटरचं भोक मारा. काका खुर्चीतून उठले. ‘अरे गाढवा, सहाच्या भोकात सहाचा टॅप धरेल कशाला? पाच! पाचचं ड्रिल!’ यंत्राने तत्परतेने माफी मागितली. त्या रात्री काका एक पोळी जास्त जेवले.

हेच काका मोडी लिपीपाशी आले की मात्र गाईहून गरीब होतात.

घरात पणजोबांच्या वेळचा एक कागद होता. काकांनी फोटो काढून यंत्राला दाखवला. यंत्राने क्षणात वाचून दिला: पेशव्यांच्या कृपेने मिळालेली जमीन, साक्षीदार, मोहोर, सगळं. पंधरा नातेवाइकांना निरोप गेले. एका चुलतभावाने तर वकिलाची फी विचारली. मोडी म्हणजे मुळात धावती लिपी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. यंत्राला वाचायला शिकवायचं तर नमुने हवेत. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरी करण्यासाठी जो संग्रह जमवला, त्यात दोन हजारांच्या आसपास चित्रं आहेत, आणि तेवढी जमवणं हीसुद्धा मोठी गोष्ट मानली गेली. सर्वसाधारण चॅटबॉटला मोडी धड येत नाही. त्याला ‘येत नाही’ म्हणायलाही येत नाही. शेवटी गावातल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसून कागद वाचला. पणजोबांनी एका सावकाराकडून बैलासाठी घेतलेलं कर्ज होतं ते. फिटल्याची नोंद कुठे दिसत नव्हती.

चुलतभावाने वकिलाचा विषय परत काढला नाही.

नातू दहावीत आहे. त्यालाही काकांनी यंत्राकडून शिकण्याच्या मार्गाला लावायचं ठरवलं, तेव्हा सुनेने त्यांच्यापुढे एक अभ्यास ठेवला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शाळकरी मुलांना गणिताच्या सरावाला एआय दिलं. साधा चॅटबॉट मिळालेल्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता नुसत्या खुणा देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचं हे नुकसान जवळजवळ टळलं. काकांनी मान डोलावली, अभ्यास महत्त्वाचा असल्याचं मान्य केलं आणि यंत्राला त्याचा तीन ओळींत सारांश करायला सांगितला.

सध्या तेलुगू चालू आहे. २०२७च्या सिंहस्थात गोदावरीवर आंध्र-तेलंगणातले भाविक येणार, त्यांना वाट दाखवायला नाशिककर नको का? यंत्र उच्चार तपासतं आणि ‘फार छान’ म्हणतं. परवा काकूंबरोबर रामकुंडावर गेलेल्या काकांना आपसात तेलुगू बोलणारं एक कुटुंब दिसलं. काकांनी पुढे होऊन, दोन्ही हात जोडून, पाठ केलेली चार वाक्यं एका दमात म्हटली. कुटुंब शांतपणे ऐकत राहिलं.

‘काका, मराठीत बोला की,’ त्यातल्या बाई म्हणाल्या. ‘आम्ही सोलापूरचे. आजोबांपासून तिथंच आहोत.’

काका क्षणभर थबकले. मग मोबाइल खिशात घातला आणि शेंगाचटणीत लसूण किती घालायचा ते विचारू लागले. बाई घाटाच्या पायरीवर बसून सांगू लागल्या. काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि जवळ कागद नव्हता म्हणून लाँड्रीच्या पावतीमागे लिहून घेतलं.